कंगाणी

आमच्याकडे मुकादमाला कंगाणी म्हणतात.
कण् म्हणजे डोळा, काणी म्हणजे पाहणारा.
शब्दातच ठरलेलं आहे त्याचं काम.

तूतुकुडीच्या मिठागरात
पहाटे तीनला आम्ही साडीवर नवऱ्याचा जुना सदरा चढवतो,
गळ्यापर्यंत गुंड्या.
वाकलं की काय दिसतं हे ठाऊक असलेल्या
आयांनी पाडलेली पद्धत.
ऊन चढलं की मीठ डोळ्यांत घुसतं.
तो त्याआधीच आलेला असतो.

इसक्कीनं यावर कविता केली,
मजुरीच्या चिठ्ठीमागे, पेन्सिलीनं.
रविवारी वाचनालयात वाचायला बोलावलं तिला.
आम्ही पाच जणी गेलो, शेवटच्या बाकावर,
चिरलेले तळपाय साडीत ओढून.

अध्यक्ष म्हणाले, आमच्या भगिनी.
मग तिनं स्तन हा शब्द वाचला
आणि सगळं सभागृह
शब्द सोडून तिथे बघू लागलं.

एका प्राध्यापकानं विचारलं,
कवितेतला तो म्हणजे तुमचे यजमान का?
दुसऱ्यानं, मुलं किती?
आणखी एकाला कवितेत समुद्र हवा होता,
चंद्रही चालला असता.
कोपऱ्यातल्यानं काहीच विचारलं नाही,
मोबाइल उभा धरून बसला होता.

इसक्कीनं पिशवीतून काळा चष्मा काढला.
सरकारनं एकदाच वाटलेला,
एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.
पुढच्या रांगेतल्या वेष्ट्यांकडे बघत म्हणाली,
पांढरं फार झालं की दुखतात डोळे.
आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली.

आता ती कुणाकडे बघतेय कळेना.
कुणी वेष्टीचा काठ सारखा केला,
कुणी पोट आत घेतलं.
पूवम्मा इतकी हसली
की तिला धरून बाहेर न्यावं लागलं.

सोमवारी हजेरी मांडताना
कंगाणीनं मान वर केली नाही.
इसक्कीच्या नावापुढे फक्त
अर्धा दिवस लावला.

लोक मीठमिरची ओवाळून
लेकरांची दृष्ट काढतात.
मीठ आमच्या हातचं.
आमच्यावरून कुणी ओवाळल्याचं आठवत नाही.

त्या रात्री इसक्कीनं मूठभर उचललं,
त्या चिठ्ठीवरून तीनदा उतरवलं,
आणि चुलीत टाकायचं सोडून
कालवणात घातलं.
महाग पडलंय, म्हणाली,
अर्धा दिवस.