भाकड

गोकुळ शिरगावात, आमच्या दूध संघात,
सर्व्हरच्या खोलीत, एसीच्या थेट तोंडाखाली
एक जुनं यंत्र आहे. कुठल्याच गावाला जोडलेलं नाही.
अंगावर स्केचपेननं लिहिलंय: भाकड.

नाव मुजावरसाहेबांनी ठेवलेलं.
दूध देत नाही, वीज मात्र खाते.
ऑडिटवाले दर मार्चला विचारायचे, ही कशाला पोसताय?
साहेब म्हणायचे, लाथा खायला.

नवी होते तेव्हा मला ही गंमतच वाटायची.
मग त्या वर्षी, दिवाळीच्या बोनसाआधी,
मी दरपत्रकाची फाइल थेट सगळीकडे सोडली.
दशांशचिन्हाच्या जागी एक स्वल्पविराम.
पहाटे एकेचाळीस डेअऱ्यांत फॅट शून्य लागली.
आजऱ्यापासून राधानगरीपर्यंत
बायका किटल्या घेऊन उभ्या,
आणि सेक्रेटरी फोनवर:
ओ बाई, म्हशी पाणी द्यायला लागल्या काय?

साहेब रागावले नाहीत.
रात्री गंगावेशीत नेलं, कट्ट्यावर,
समोर धार काढलेलं फेसाळ दूध हातात दिलं.
म्हणाले, माझा बाप म्हैस घ्यायला जायचा
तेव्हा मालकाच्या गोठ्यातच मुक्काम टाकायचा.
तीन वेळची धार बघितल्याशिवाय विसार नाही.
तू काय बघितलंस?
मी ओठावरचा फेस पुसत राहिले.

आता आधी भाकडपाशी.
हात लावायचा नाही, नुसतं विचारायचं:
केलं असतंस, तर काय केलं असतंस?
ती सांगते, ही ओळ गेली असती, ही आली असती,
अमुक सेवा बसली असती आणि पुन्हा उठली असती.
शाळेतला संकेतार्थ
असा पगारी कामाला येईल वाटलं नव्हतं.

काल रात्री मी एक बदल लिहिला.
भाकड म्हणाली, एकशे सदतीस.
एक वाजेपर्यंत शोधत बसले.
ओळीच्या सुरुवातीला
एक रिकामी जागा जास्त. अंगठ्याचं काम.
काढली. मग एकच उरला.
मग तिच्यावर खरोखर लावला, पुन्हा लावला:
बदल शून्य. म्हणजे जिरला.

तरी भाकडला काय माहीत
उंदरानं कुरतडलेली केबल,
रात्रीत तीनदा जाणारी वीज,
सेक्रेटरीच्या पोरानं डेअरीच्या कॉम्प्युटरवर टाकलेले गेम?
म्हणून पहिल्या पहाटे एकच गाव.
साहेब आता घरी असतात. गाव मी निवडते.

कडगाव. माझं माहेर.
तिथं पहिल्या नंबराला काकी उभी असते.
चुकलं तर शिव्या नावानिशी येतील, घरपोच.

पाच चाळीसला मेसेज आला:
मशीन चालू हाय. काकीची सात-दोन लागली.
काकी म्हणत्यात, आठ लागाय पायजे हुती.

उरलेल्या चाळीस गावांची यादी उघडली.