नोंद क्रमांक तीनशे अकरा

कंपनीच्या नोंदवहीत चारशे बारा सेवा.
कोण कुणाला हाक मारतं, किती वेळा,
कुठल्या आवृत्तीत, कुणाच्या परवानगीने,
सगळं मी पूर्णगडच्या माडीवर बसून बघते.
रेंज गेली की लॅपटॉप घेऊन खिडकीत.

नियम नवा, माझाच :
नव्वद दिवस हाक नाही, तर सेवा बंद.

तीनशे अकराला हाक नाही.
मालकाच्या रकान्यात अ. रा. तोडणकर, निवृत्त,
पत्ता खाडीपलीकडचा, गावखडी.

पडवीत सुपारी सोलत होते.
नंबर ऐकला, हसले नाहीत.
"महिना कुठला चाललाय?"
"आषाढ."
अडकित्त्यानेच पुळणीकडे दाखवलं :
वर ओढून घेतलेल्या होड्या झापांखाली,
इंजिनं काढून घरात नेलेली.
"नारळी पुनवेच्या आदल्या रात्री
हे सगळे एकदम विमा भरतात.
तेव्हा तिला हाक येते.
वर्षातून ती एकच रात्र."

पुलावरून परतताना
माझेच कान गरम.

स्थितीच्या रकान्यात दोनच पर्याय :
चालू, बंद.
मी तिसरा टाइप केला, शाकारलेली.
लाल अक्षरांत नाकारला गेला.

मग शेऱ्यात लिहिलं.
शेरे कुणी वाचत नाही, ठाऊक आहे,
तरी खाली तोडणकरांचा फोन दिला,
आणि एक सूचना :
दुपारी दोन ते चार करू नये.
झोपलेले असतात.