शेहेचाळीस नंबरची तार

इंदोरा चौकात, टायरवाल्याच्या बाजूला,
मी कूलरच्या मोटारी भरते.
एप्रिल ते जून मान वर करायला फुरसत नाही,
जळक्या वॉर्निशचा वास केसांतून जात नाही,
आणि अशा ऐन सीझनमध्ये
एका पोराने माझ्या टेबलावर गिटार आणून ठेवली.
लाल. इलेक्ट्रिकची.
किंमत त्यानेच सांगितली, जरा लाजत:
पिशवी, पट्टा, आवाजाचा डबा धरून साडेपाच हजार,
सीताबर्डीवरून, तेही भाव करून.

"काय झालं हिला?"
"काकू, एक कॉइल मुकी झाली. दुकानवाला म्हणते नवीनच घे,
इतक्या स्वस्तातली कोणी खोलत नाही."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय.
कूलरबद्दल, मिक्सरबद्दल,
एकदा तर माझ्या स्वतःच्या गुडघ्याबद्दल.

शीलवंत रामटेके, वय एकोणीस,
सकाळी थंड पाण्याच्या कॅन पोचवतो.
बोटांवर बारीक चिरा. मला वाटलं कॅनच्या कड्यांच्या.
नाही.
आपल्या नागपूरच्या मे महिन्यात लाकूड आकसतं
आणि गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्या
दोन्ही कडांनी दात बाहेर काढतात.
मी कानस घेतली, एकेक टोक मोडलं,
गालावर घासून पाहिलं.
महागाच्या गिटारींना हे कारखान्यातच करून देतात म्हणे.
म्हणजे साडेपाच हजारांत
कोणाची तरी एक दुपार तेवढी बसली नव्हती.

मग पोट उघडलं.
सोल्डरचे ढेकळासारखे थेंब, घाईघाईतले,
लाकूड म्हणजे थरावर थर, चहाच्या पेटीसारखं,
आणि त्या काळ्या डबीत
एक चुंबक, सहा खिळे, भोवती तांबं.
बस?
मी हसलेच. अरे, हे तर आपल्या घरचंच काम.

बाबांच्या वेळी अजनी शेडच्या रिले यायच्या भरायला.
त्यांच्यातलं एक रीळ अजून कपाटात होतं,
शेहेचाळीस नंबर, केसाहून बारीक.
हातमशीनवर लावलं, काटा शून्यावर आणला.
मोटारीची तार तुटते ती टण्णकन सांगून तुटते.
ही तुटली तेव्हा बोटाला फक्त
थोडं हलकं वाटलं.
दोन हजार तीनशे दहा वेढे, सगळे फुकट.
कूलर बंद केला, वाऱ्याने हलत होती.
घामाघूम, पुन्हा एकपासून.
सात हजारांवर थांबले.
बाहेर तीन गिऱ्हाईकं शिव्या घालून गेली.

जूनमध्ये गोकुळपेठेतले एक साहेब आले,
शीलवंतनेच पत्ता दिला, त्यांच्याकडेही कॅन टाकतो तो.
त्यांची गिटार एक लाख दहा हजारांची.
खोटं कशाला बोलू, चांगली होती.
गळा हातात असा बसला
जसा वापरून वापरून दांडा झालेला खुरप्याचा.
खुंट्या जागच्या हलत नव्हत्या,
आणि शीलवंतच्या दोन गाण्यांत घसरतात.
साहेब वाजवतातही छान.
गोष्ट जमायची तर त्यांनी वाईट वाजवायला हवं होतं.
पण उघडली तेव्हा तिच्याही डबीत
चुंबक, तांबं, आणि कोणीतरी नीट मोजलेले वेढे.
वेढे मला ओळखू येतात.

शीलवंतने घ्यायला आला त्या संध्याकाळी
डब्याची पिन लावली.
गिटार आधी घुंऽऽ करत राहिली,
ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिल्यासारखी.
त्याने तारांवर पंजा ठेवला, आवाज विझला.
उचलला, पुन्हा घुंऽऽ.
मग वाजवलं काहीतरी, चुकत, परत मागे जात,
टायरवाला हातात पाना घेऊन दारात उभा.

"आतून फॉइल लावून देते," मी म्हटलं,
"हे घुमणं जाईल. शंभर रुपये जास्तीचे."
त्याने खिशातले पैसे मोजले, नाणी धरून.
"राहू द्या काकू सध्या.
तोपर्यंत मी हात ठेवून राहीन."