ओली गोळी

उदगीरच्या किल्ल्यामागं चिंचांची रांग आहे.
तिथं गुणवंत पेंटरनं मला आधी बसायला शिकवलं.
नेम नंतर. ब्रश तर फारच नंतर.
"बूड टेकव खोडासारखं. डास चावला तर
जेवू दे त्याला."

दुकानात कामं तुंबलेली:
गिरणीची पाटी, दातांच्या दवाखान्याची पाटी,
आणि एका ट्रॉलीच्या मागच्या फळीवर
कुणाच्या तरी हौसेचा मोर, डोळ्यावाचून थांबलेला.
डोळ्याला बाजारचा ब्रश चालत नाही, तो म्हणायचा.
"चानीच्या शेपटीचा केस रंग पितो,
अन् मागितल्याबिगर सोडत न्हाई."
खारीला तो चानीच म्हणायचा. मीही मग तेच म्हणू लागलो.

बेचकी त्यानंच करून दिली.
बोराटीचं दुबेळकं, सायकलच्या ट्यूबचे पट्टे,
चामडं माझ्याच तुटक्या वहाणेचं.
गोळ्या तळ्याकाठच्या मातीच्या, ओल्या,
ओल्या फडक्यात गुंडाळून आणायच्या.
"मारायचं न्हाई, पाडायचं.
गुंगली की टावेलात धरायची,
शेंड्याचे चिमूटभर केस कापायचे, अन् दे सोडून.
परत येतेत केस. तिला ठावंबी नसतंय
कुठं गेलते."

अकरा दिवस मी चिंचेची पानं पाडली.
ओल्या गोळ्या हवेतच फुटायच्या,
आणि शेजारची गुराखी पोरं
प्रत्येक गोळीला टाळ्या वाजवायची.

चानी लबाड.
आपण इकडं, की ती खोडाच्या तिकडं.
आपण तिकडं, की ती इकडं.
मग गुणवंत उठायचा,
मुद्दाम खोकत, चपला फरफटवत
झाडाला वळसा घालायचा,
आणि ती त्याच्यापासून लपत लपत
सरळ माझ्यासमोर यायची.
"मी दिसतो. तू दिसू नको.
इतकंच असतंय."

बाराव्या दिवसाच्या आदल्या रात्री
चुलीतल्या विस्तवात मी आठ गोळ्या भाजल्या.
आईला वाटलं, भुईमुगाच्या शेंगा.

तो उठला. खोकला. गेला पलीकडं.
ती आली, डोकं खाली, शेपटी वर,
तोंडात चिंचेचं एक बोटूक.
मी ओढलं.

ओल्या गोळीचा आवाज थप्प असतो.
हा वेगळा होता.
पाटीवर खडू मोडावा, तेवढाच.

त्यानं टावेल पसरला नाही.
उचलली, पोटावर अंगठा ठेवून बसला
बराच वेळ.
मग गवतातून गोळीचा तुकडा शोधला,
जिभेला लावून पाहिला.
"भाजलीस व्हय?"
पोरं टाळ्या वाजवत होती.

पाठीवर रामाची बोटं असतात म्हणे.
मी माझी तीन बोटं ठेवली त्या पट्ट्यांवर.
ऊब होती अजून. पाठ केवढीशी;
बोटं दोन्ही बाजूंनी बाहेर आली.

"आता अख्खी शेपूट घ्यावी लागती," तो म्हणाला,
आणि कात्री माझ्या हातात दिली.
स्वतः पाठ करून उभा राहिला, तळ्याकडं बघत.

कबुतराच्या पिसाच्या नळीत केस ओवले,
रेशमाच्या दोऱ्यानं नऊ वेढे.
दोन वेढे सैल झाले म्हणून त्यानं सगळे सोडवले
आणि पुन्हा बांधायला लावले.
काळा रंग असा उतरला त्या केसांतून
की हाताला कळलंच नाही, कधी टेकला, कधी उचलला.
मोराला डोळा आला.

गुणवंतनं मान तिरकी करून पाहिलं.
"जमलंय," म्हणाला. बिडी पेटवली.
अर्धी झाल्यावर म्हणाला,
"पर हा मोर नाचायला न्हाई.
हा बघायलाय."

पैसे देऊन ट्रॉलीवाला ट्रॉली घेऊन गेला.

आता गुणवंत नाही.
उसाच्या हंगामात कधी ती ट्रॉली दिसते नळेगावच्या रस्त्याला,
मोराचा पिसारा पुसलेला, चोच पुसलेली,
डोळा तेवढा तसाच.
नाक्यावर एक वड आहे. मी त्याच्या आड होतो.
ट्रॉली पुढं सरकते,
आणि तिच्या बरोबरीनं मी
खोडाला धरून फिरत राहतो,
इकडून तिकडं.