पावती

सोमवारी पाय अजून आपोआप चौकाकडे वळतात.
तिथे आता लाल-करडे ब्लॉक बसवलेत,
मधोमध कारंजे. पाणी त्यात
फक्त उद्घाटनाच्या दिवशी होते.
बाजार नेला बायपासवर, पत्र्याच्या शेडखाली,
नंबर टाकलेल्या ओट्यांवर.

मी नगर परिषदेचा वसुली कारकून.
सव्वीस वर्षे गळ्यात रेक्झिनची पिशवी, कानावर पेन,
एका बैठकीचे आठ आणे, मग रुपया, मग दोन.
कुणी विचारले, चौकात आधी काय होते,
तर मला इमारती आठवत नाहीत.
बैठका आठवतात. निंबापासून हापशीपर्यंत
एकशे चौदा.

पहिली मेहमूदाबीची, काकणांची.
"बायकोच्या मनगटाचं माप आण की कधी,
नुसता हात पसरतोस."
मग गोमा बुरुड, त्याचा मुका भाऊ, सुपं, टोपल्या.
मग सांबार, भेदरं, अंबाडीच्या जुड्या,
अडाणेच्या गाळातली काटेरी वांगी.
उकंडरावच्या तिखटाच्या ढिगाशी
मी श्वास धरून लिहायचो.
एका वर्षी ऑडिटवाल्याने विचारले,
या एकाच माणसाच्या पावत्यांवर अक्षर असे का?
मी खुलासा दिला: ठसका.
तो मंजूर झाला.

शेवटची बैठक, हापशीला लागून, झमकीबाईची.
चारोळी, डिंक, मोहफुलं, पळसाच्या पानांचे गठ्ठे.
तांड्यावरून अंधारात निघायची ती,
आणि मी पोचलो की म्हणायची,
"बोहणी नाही झाली जी, पुढच्या बाजारी देतो."
पुढच्या बाजारीही तेच.
मी पावती फाडायचो, आठ आणे आपल्या खिशातून टाकायचो
आणि फार मोठा माणूस असल्यासारखा
पुढे जायचो.

घरी पिशवी उपडी केली
की पावती-पुस्तकाखालून निघायचा मूठभर सांबार,
दोन भेदरं, कधी लसणाची गाठ,
आणि पळसाच्या पानात बांधलेली चारोळीची पुडी.
कोणी टाकलं, दिसलं नाही, असे मी सांगायचो.
बायको म्हणायची,
"साऱ्या बाजारात कोण कुठं बसलं ते दिसते तुम्हाले,
आपल्या पिशवीतलं दिसत नाही काऊन?"

निंब कापला त्या दिवशी मी रजा टाकली होती.
हापशी उपटली ती मात्र पाहिली.
खालून पाइप निघतच राहिला, निघतच राहिला,
एवढा लांब असेल असे वाटले नव्हते.

आज रिकाम्या चौकातून जाताना
मी सरळ चालत नाही.
मेहमूदाबीला वळसा, गोमाच्या टोपल्यांना वळसा.
मागून मोटारसायकलवाला ओरडतो,
"ओ काका, झाडून घेऊन चालता का रस्ता?"

हापशीच्या जागी मोबाइलचे दुकान आहे.
काउंटरवर एक पोरगी, हनुवटीवर गोंदण नाही,
तरी मी हनुवटीकडेच पाहिले.
चार्जरची वायर घेतली. लागत नव्हती.
"बिल देऊ का, काका?"
सव्वीस वर्षांत मी कुणालाच
असे विचारले नव्हते.
दे, म्हणालो.

आठ दिवसांत त्या चिठ्ठीवरची अक्षरे उडाली.

एक पुस्तक मी जमा केले नाही.
निवृत्त होताना हरवले म्हणून लिहून दिले
आणि दंड भरला.
त्यातली कार्बनची स्थळप्रत
अजून बोटाला निळी लागते.
बैठक एकशे चौदा. झमकीबाई. आठ आणे.
पुढे, माझ्याच अक्षरात:
रोख.