बुडबुडे थांबले तर

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात, नवजातांच्या खोलीत
माझ्या रजिस्टरला अकरा रकाने.
तिसऱ्यात आठवडे, चौथ्यात वजन,
शेवटच्यात जे झालं ते.

एकतीस आठवडे. अकराशे चाळीस ग्रॅम. मुलगी.
आई शिवकांता, बीपी चढलेलं,
वरच्या मजल्यावर, अजून शुद्धीत नाही.
बाप नागनाथ, औंढा नाक्यावर पंक्चरचं दुकान,
तीनदा हात धुऊनही नखांत काळं.
मी चौथ्यांदा धुवायला लावले.

सासू काचेपलीकडून विचारते,
सातव्यातलं धरायचं का आठव्यातलं?
सातव्यातलं वाचतं म्हणे, आठव्यातलं नाही.
म्हणलं, मावशी, असं काही नसतं.
जितके दिवस पोटात, तितकं बरं.
पटलं नाही. तिच्या जावेचं सातव्यातलं
कापसात गुंडाळून वाढवलेलं,
आता ट्रॅक्टर चालवतं.
जी कापसातच राहिली
त्यांची नावंच ठेवली नव्हती कुणी,
मग आठवणार कशी.

वर दहा जणी बाळंत झाल्या
की एक तरी जिन्यानं माझ्याकडं खाली येतं,
कधी दोन.
तरी प्रत्येक घराला वाटतं, आपल्यालाच झालं.
मग शोधाशोध: उचललेली घागर,
ग्रहणात चिरलेली भाजी,
कुणीतरी कधीतरी बोललेलं काही.

पहिल्या रात्री नागनाथानं घाबरून हाक मारली.
सिस्टर, हवा लीक व्हायलीय.
बाटलीत पाणी, पाण्यात नळी, नळीतून बुडबुडे.
बारा वर्षं घमेल्यात ट्यूब बुडवून
त्यानं हेच तर शोधलेलं:
बुडबुडा दिसला की तिथं भोक.
म्हणलं, भाऊ, इथं उलटं असतं.
हे येतेत तोवर तिची फुप्फुसं उघडी राहतेत.
थांबले तर मला सांगा.
मग तो बसला बाटलीसमोर,
पापणी न हलवता, रात्रभर.

ही पोरं श्वास घ्यायचं विसरतात.
झोपेत, काही कारण नसताना.
यंत्र ओरडतं, मी तळपायाला टिचकी मारते,
अगं, घे की.
घेते. रागावल्यासारखी घेते.

शेजारच्या वॉर्मरवर सातशे दहा ग्रॅम होतं.
सव्वीस आठवडे, तीन रात्री.
त्याची बाटली मी बंद केली
तेव्हा खोलीतला एक आवाज कमी झाला.
नागनाथानं मान वर केली.
काही विचारलं नाही.

नवव्या दिवशी नळी निघाली.
शर्टाची बटणं काढा म्हणलं तर लाजला.
पडद्याआड छातीवर ठेवली तिला,
उभी, बेडकासारखी पाय दुमडून.
दोन तास हलला नाही,
माशी बसली कानावर तरी नाही.
वरून शिवकांताचं दूध यायचं वाटीत,
तळ जेमतेम झाकेल एवढं.
त्यातलं चार एमएल नळीनं पोटात,
आणि तो श्वास धरून,
जणू त्याच्या हसण्यानं सांडेल.

एकेचाळिसाव्या दिवशी घरी.
सोळाशे नव्वद.
डोळ्यांचे पडदे तपासले, बरे निघाले.
सगळ्यांचे निघत नाहीत.

काल तपासणीला आले तिघं.
सात महिन्यांची, म्हणजे पाचची,
नऊ आठवडे वजा करायचे असतात,
हे आता शिवकांताच लोकांना समजावते,
बसमधल्या बायकांनासुद्धा.
मान धरते पोरगी. बसत नाही अजून.
डावा पाय जरा ताठ वाटला,
नांदेडला दाखवा म्हणून लिहून दिलंय.
पुढचं मला सांगता येत नाही. मी सांगितलंही नाही.

बापाच्या खांद्यावर ओठ मिटून
तिनं फुर्र केलं, थुंकीचे बुडबुडे,
कॉलर ओली.
नागनाथ म्हणाला, सिस्टर, लीक व्हायलीय.

मी लगेच हसले नाही.
आत एक बाटली चालू होती,
कान तिकडं होता.