वहिवाट

कोत्काच्या बंदरात जानेवारीत
समुद्रावरून चालत जाता येतं.
जमीन कुठे संपली, कळत नाही.
मी बारा नंबरच्या शेडमध्ये बसून
भिंती घालत होतो,
कुणाला दिसणार नाहीत अशा.

आमची सिस्टीम सत्त्याऐंशी सालची.
एकच मोठी खोली, सगळे प्रोग्रॅम तिच्यात:
ओंडके मोजणारा, पगार काढणारा,
क्रेनच्या पाळ्या लावणारा, प्रिंटरवाला.
कुणाच्याही खणात कुणीही हात घालावा.
निरोप द्यायचा म्हणजे एवढंच, की
तिकडे फळीवर ठेवलंय, जाऊन वाच.
आणि एकाचा पाय घसरला
की अख्खं बंदर अंधारात.

रैली म्हणाली, पुरे आता.
ज्याला त्याला स्वतःची खोली दे.
पण जुना एकही मोडता कामा नये.
सोर्स हरवलेत. लिहिणारे तर
तिकडे चर्चमागे, बर्फाखाली.
ती कॉफी ढवळत नाही.
साखर तळाशी राहू देते, शेवटच्या घोटासाठी.

पहिल्या रात्री भिंती उभ्या केल्या.
पगारवाला तेरा सेकंदांत गेला.
शून्य पत्त्यावर वाचायला गेला होता,
जिथे काहीच नसतं,
आणि ते काहीच नसणं
तीस वर्षं तो रजेची कपात म्हणून धरत आलेला.
क्रेनवाला घेतलेली जागा परत करायचा
आणि परत केल्यावर
एकदा मागे वळून वाचायचा,
घर सोडताना माणूस दिव्याचं बटण बघतो तसा.
तोही गेला.
ओंडकेवाल्यानं तग धरला.
दोन वाजून दहा मिनिटांनी
तो प्रिंटरच्या हद्दीत एक आकडा लिहायला निघाला
आणि तोंडावर आपटला.

चार रात्री मी त्याचं मशीनकोड उलटं वाचत बसलो.
चूक सापडली नाही, कारण चूक नव्हती.
तौनो साल्मेला, जाऊन अकरा वर्षं झाली,
त्यानं जाणूनबुजून केलं होतं.
प्रिंटर थंडीत झोपून जायचा.
त्याला हाक मारायची सोय कुणी केली नव्हती.
म्हणून रोज रात्री बाहेरून
त्याच्या काउंटरला एक हलका धक्का.

कागदावर हे अतिक्रमण.
पण तीस वर्षं त्याच वाटेनं गेलेल्या पायांना
नकाशा कुठल्या तोंडानं दाखवायचा?

मग नव्यांना कडीकुलूप दिलं.
जुन्यांना मिळून एकच दालन,
आत पूर्वीचीच मोकळीक, बाहेर पाऊल नाही.
शून्यापाशी एक कोरं पान, फक्त वाचण्यापुरतं.
परत आलेली जागा मी लगेच पुसत नाही.
थोडा थांबतो.

प्रिंटर मात्र आता नवा, भिंतीपलीकडचा.
त्याला धक्का लागतच नाही.
तरी दोन दहाला तो येतो, भिंतीवर आपटतो.
कर्नल जागा होतो, कोण आहे ते बघतो,
आकडा हातातून घेतो, पोचला म्हणतो,
आणि ओंडकेवाला निवांत मोजायला परत.
आकडा कुठेच पोचत नाही.
मी एका फाइलीत उतरवून ठेवतो.
काल एकेचाळिसावा.

हे खोटं आहे, मला माहीत आहे.
रैलीनं विचारलं, ही फाइल कसली?
तौनोची, म्हटलं.
ती काही बोलली नाही.
तळाचा गोड घोट कपात तसाच ठेवून
बर्फफोडी जहाजाचं वेळापत्रक बघायला लागली.